रेंज नसलेल्या पाड्यावरची नोंद



सातपुड्यात अक्कलकुवा-धडगावच्या अनेक पाड्यांवर मोबाइलला रेंज नसते. अशा ठिकाणी ‘ओडीके कलेक्ट’ हे अ‍ॅप उपयोगी पडते. नेट नसतानाही फॉर्म भरता येतो. नोंद फोनमध्ये साठून राहते. पण ती तिथेच पडून राहिली तर? सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते अतितीव्र कुपोषित समजतात. ही नोंद उशिरा पोहोचली, तर उपचारही लांबतात.

म्हणून सेटिंगमध्ये आपोआप पाठवण्याची सोय सुरू करावी. ती मुळात बंद असते. वायफाय, मोबाइल डेटा किंवा दोन्ही निवडता येतात. रेंज मिळाली की नोंदी जातात. मात्र अर्धवट ठेवलेला फॉर्म जात नाही, तो पूर्ण करून अंतिम करावा लागतो. सर्व्हरवरचे नवे फॉर्म किती वेळाने तपासायचे, हेही ठरवता येते: १५ मिनिटे, १ तास, ६ तास किंवा २४ तास. बाजाराच्या दिवशी खाली उतरल्यावर ‘पाठवलेले’ फॉर्म एकदा पाहून घ्यावेत.

पाडे चढणाऱ्या सेविकांची प्रार्थनेत आठवण ठेवा.