कात्री आणि विनोद

हॉलिवूडच्या निर्मात्यांनी १९३० साली स्वतःच एक नीतिसंहिता स्वीकारली आणि १९३४ पासून तिचा अंमल कडक झाला. जे दाखविता येईना ते सुचविणे भाग पडले आणि त्या अडचणीतूनच तेथील खट्याळ प्रणयविनोद बहरला. ‘दि ऑफुल ट्रुथ’ (१९३७) मध्ये घटस्फोट घेऊ निघालेल्या दांपत्याचे मनोमीलन कशाने कळते? घड्याळातील बाहुला बाहुलीच्या दारातून आत जातो, एवढ्यानेच!

आपल्याकडील कात्रीला धाक होता तो निराळाच. १९१८ च्या कायद्यान्वये १९२० साली मुंबईत सेन्सॉर मंडळ स्थापन झाले. त्याचे अध्यक्ष पोलीस कमिशनर असत, यातच सारे आले. ‘प्रभात’च्या ‘स्वराज्याचे तोरण’ या चित्रपटाला १९३० साली ‘उदयकाल’ व्हावे लागले. संत एकनाथांवरील ‘महात्मा’ १९३५ साली ‘धर्मात्मा’ झाला. याउलट आचार्य अत्रे यांनी लिहिलेला व मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेला ‘ब्रह्मचारी’ १९३८ साली पडद्यावर आला, तो ब्रह्मचर्यव्रताची यथेच्छ थट्टा करीत आणि मीनाक्षी शिरोडकरांना पोहण्याच्या पोषाखात दाखवीत! तोवर मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले होते, हे खरे. तथापि परकीय सत्तेला सलत होते ते शब्द, पोषाख नव्हे, हे उघड आहे.

आम्हां शिक्षकांना यातून एक साधन लाभते. जुना चित्रपट शिकविताना त्यात काय आहे याबरोबरच काय कापले गेले, हेही विद्यार्थ्यांस विचारावे. कात्री ज्याच्या हाती असते, त्याचे भय तिच्या खुणांवरून वाचता येते.