विश्लेषण : एडीएचडी असलेल्यांचे वेळेचे गणित का चुकते? दिवसाचे नियोजन कसे करावे?

खात्यात पैसे असतात, वीजबिलाची शेवटची तारीख माहीत असते, बिल भरण्याचे ॲपही मोबाइलमध्ये असते. तरीही बिल दंडासहच भरले जाते. अर्ध्या तासाचे म्हणून हाती घेतलेले काम अख्खी दुपार खाते आणि खरोखर महत्त्वाचे काम 'आता बसतोच' म्हणत रात्रीपर्यंत लांबते. एडीएचडी असलेल्या अनेक प्रौढांचा दिवस असा जातो. त्यावर घरात आणि कार्यालयात मिळणारी बिरुदे ठरलेली असतात : आळशी, वेंधळा, बेफिकीर. मल्याळम अभिनेते फहाद फासिल यांनी आपल्याला वयाच्या ४१ व्या वर्षी एडीएचडीचे निदान झाल्याचे २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितले, तेव्हा प्रौढांमधील या विकाराची आपल्याकडे बरीच चर्चा झाली. पण निदान झाल्यानंतरही रोजचा प्रश्न उरतोच. सकाळी वेळेवर घराबाहेर कसे पडायचे?

एडीएचडी म्हणजे नेमके काय?

'अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर' हा मेंदूच्या विकासाशी संबंधित विकार आहे. लक्ष टिकवण्यात अडचण, अतिचंचलता आणि उतावळेपणा ही त्याची मुख्य लक्षणे. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या २०१३ मधील निकषांनुसार काही लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वी दिसलेली असावी लागतात, ती घर, शाळा, कार्यालय अशा किमान दोन ठिकाणी जाणवावी लागतात आणि किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात. त्यामुळे गेल्या महिन्यापासून कामात लक्ष लागत नाही, एवढ्यावरून एडीएचडी ठरत नाही. जगभरात मुलांमध्ये त्याचे प्रमाण सुमारे पाच टक्के, तर प्रौढांमध्ये सुमारे अडीच टक्के मानले जाते. मोठेपणी धावपळ, चुळबुळ कमी होते. विस्कळीतपणा आणि वेळेचा गोंधळ मात्र अनेकांत कायम राहतो.

वेळेचाच घोळ का होतो?

काम सुरू करणे, त्याचे टप्पे पाडणे, मध्ये आलेला मोह आवरणे, सांगितलेली गोष्ट थोडा वेळ डोक्यात धरून ठेवणे या सगळ्याला मेंदूच्या 'कार्यकारी क्षमता' म्हणतात. एडीएचडीत त्या कमकुवत पडतात. किती वेळ गेला याचा अंदाज घेण्यातही एडीएचडी असलेल्यांची चूक इतरांपेक्षा जास्त होते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. परिणामी वेळेचे दोनच भाग पडतात, 'आत्ता' आणि 'नंतर'. पुढच्या शुक्रवारची मुदत 'नंतर'मध्ये असेपर्यंत तिचा ताण जाणवत नाही. गुरुवारी रात्री ती अचानक 'आत्ता'मध्ये येते आणि धांदल उडते. उलट आवडीचे काम मिळाले की तीच व्यक्ती चार तास जागची हलत नाही. त्यामुळे 'मनात आणलं की जमतं की तुला!' हे वाक्य हमखास ऐकावे लागते. हे लक्ष हुकमी नसते, ही त्यातली अडचण कोणाच्या ध्यानात येत नाही.

या विषयाचे अमेरिकी अभ्यासक रसेल बार्कली यांची मांडणी येथे उपयोगी पडते. त्यांच्या मते एडीएचडीत अडचण ज्ञानाची नसते, ते ज्ञान ऐन वेळी कृतीत आणण्याची असते. काय करायचे हे त्या व्यक्तीला माहीत असते; म्हणून ते पुन्हा पुन्हा समजावून सांगितल्याने फारसा फरक पडत नाही. मदत कामाच्या जागी आणि कामाच्या क्षणी हजर असावी लागते.

असे तर सगळ्यांचेच होते, मग फरक काय?

वेळेचा अंदाज चुकणे हे माणसाच्या स्वभावातच आहे. डॅनियल कानेमन आणि ॲमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये ही प्रवृत्ती नेमकेपणाने मांडली. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल, असे विचारले गेले. त्यांचा सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा होता. प्रत्यक्षात सरासरी ५५.५ दिवस लागले, म्हणजे अंदाजाच्या दीडपटीहून अधिक. फरक असा, की बहुतेकांना चूक वाटेत लक्षात येते आणि ते वेग वाढवतात किंवा एखादे काम सोडून देतात. एडीएचडीत ही वाटेतली दुरुस्तीच होत नाही. चूक रोज घडते आणि तिची किंमतही रोज मोजावी लागते : विलंब शुल्क, हुकलेल्या परीक्षा, नोकरीतील ताकीद, घरातील भांडणे. त्यातून आपण कुचकामी आहोत, ही भावना पक्की होत जाते. एडीएचडीसोबत नैराश्य आणि चिंता यांचे प्रमाण अधिक आढळते, ते लक्षात घेता हा प्रश्न केवळ शिस्तीचा राहत नाही.

नेहमीचे सल्ले का पुरत नाहीत?

'डायरी लिही', 'पहाटे उठ', 'ॲप घे' हे सल्ले चुकीचे नाहीत, अपुरे आहेत. डायरी उघडायची आठवण राहावी लागते आणि अडचण नेमकी तिथेच आहे. बंद वहीतली यादी डोळ्यांआड जाते आणि डोळ्यांआड गेले की डोक्यातूनही जाते. नवे ॲप पहिले काही दिवस उत्साहाने वापरले जाते, नंतर त्याच्या सूचना न वाचताच बाजूला सारल्या जातात. वीस कामांच्या यादीत 'दूध आणणे' आणि 'कर विवरणपत्र भरणे' एकाच मापाच्या ओळीत बसतात, त्यामुळे सोपे आधी होते आणि अवघड उद्यावर जाते.

वेळ डोळ्यांना कशी दाखवायची?

पहिला उपाय साधा आहे : काट्यांचे घड्याळ. मोबाइलवरचे ९:४० हे आकडे 'आता किती वाजले' एवढेच सांगतात. दहा वाजायला किती उरले, हे सरकणारा मोठा काटा दाखवतो. असे घड्याळ दिवाणखान्यात एक असून भागत नाही. जिथे वेळ हरवतो तिथे, म्हणजे न्हाणीघराबाहेर, ओट्यासमोर, कामाच्या टेबलावर ते हवे. स्वयंपाकघरात हे तंत्र पूर्वीपासून आहेच. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, की घड्याळ न पाहताही गॅस बंद केला जातो. बाहेरून येणारी अशी खूण दिवसातल्या इतर कामांनाही जोडायची असते.

दुसरा उपाय गजराचा. एकच गजर निघायच्या वेळेचा असेल तर तो उशिरा झाल्याची बातमी देतो. त्यामुळे गजर दोन हवेत : एक हातातले काम आवरण्याचा आणि दुसरा चप्पल घालण्याचा. गजराला नावही द्यावे. नुसत्या आवाजापेक्षा 'लॅपटॉप बंद कर' ही पडद्यावरची ओळ अधिक कामाची ठरते.

वेळेवर निघण्याचा हिशेब कसा मांडावा?

तो शेवटापासून मांडावा. समजा, डोंबिवलीत राहणाऱ्या व्यक्तीला दादरच्या कार्यालयात दहा वाजता पोहोचायचे आहे. स्थानकापासून कार्यालय १५ मिनिटांवर, म्हणजे ९:४५ ला दादर. जलद लोकलचे ५० मिनिटे धरले तर गाडी ८:५५ ची. गर्दी पाहता फलाटावर ८:४५ ला असायला हवे. रिक्षा आणि जिना मिळून १५ मिनिटे, म्हणजे ८:३० ला घर सोडायचे. डबा, किल्ल्या, पास, मोजे यांना दहा मिनिटे. म्हणजे ८:२० ला सगळे आटोपलेले हवे. अंघोळ आणि न्याहारी यांना ५० मिनिटे धरली, तर उठायची वेळ ७:३० येते.

एडीएचडी असलेल्या व्यक्तीच्या डोक्यात यातला बहुधा एकच आकडा असतो, ८:५५. मधली दहा-पंधरा मिनिटे हिशेबात धरलेलीच नसतात. म्हणून ही साखळी एकदा कागदावर मांडून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावी. आठवडाभर प्रत्येक टप्प्याला खरोखर किती वेळ लागतो, ते मोजावे. मोजलेले नसेल तिथे अंदाजाच्या दीडपट वेळ धरावा. किल्ल्या, पास आणि पाकीट यांची जागा दाराजवळची एकच टोपली. रात्री झोपताना ती भरलेली असावी.

दिवसाची यादी किती लांब असावी?

मोठी यादी ठेवायला हरकत नाही, पण ती कोठार म्हणून. दिवसासाठी त्यातली तीनच कामे वेगळ्या चिठ्ठीवर घ्यावीत आणि चिठ्ठी डोळ्यांसमोर राहील अशी लावावी. प्रत्येक काम कृतीच्या भाषेत लिहावे. 'कर विवरणपत्र' हा विषय झाला. 'कपाटातून फॉर्म १६ काढून टेबलावर ठेवणे' ही पहिली हालचाल झाली. काम सुरू होत नाही तेव्हा बहुतेक वेळा अडलेली असते ती हीच पहिली हालचाल.

कामाला खूण जोडण्याचे तंत्र मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी मांडले आहे. 'आज व्यायाम करीन' असे ठरवण्याऐवजी 'चहाचा कप विसळला की बूट घालीन' असे ठरवायचे. अमुक झाले की तमुक, अशी गाठ आधीच मारलेली असल्याने ऐन वेळी निर्णय घ्यावा लागत नाही. एडीएचडी असलेल्या मुलांवरील प्रयोगांतही या पद्धतीचा फायदा दिसला आहे.

लांबलचक कामासाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीस इटलीच्या फ्रान्चेस्को सिरिलो यांनी रूढ केलेली 'पोमोदोरो' पद्धत अनेक जण वापरतात : २५ मिनिटे काम, पाच मिनिटे विश्रांती. २५ मिनिटे जड वाटत असतील तर दहाने सुरुवात करावी. मात्र विश्रांतीत मोबाइल हातात घेतला, तर पाच मिनिटांची पन्नास कधी होतात ते कळत नाही. त्यापेक्षा उठून पाणी प्यावे, खिडकीशी उभे राहावे.

कोणी सोबत बसले तरी अनेकांचे काम पुढे सरकते. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे पुण्यातले विद्यार्थी घरी टेबल असूनही अभ्यासिकेत जातात, त्यामागे शांततेइतकाच आजूबाजूला वाचत बसलेल्यांचाही वाटा असतो. घरी हेच काम शेजारी भाजी निवडत बसलेली व्यक्ती किंवा व्हिडीओ कॉलवरचा मित्र करू शकतो.

या उपायांना संशोधनाचा आधार आहे का?

आहे. न्यूयॉर्कमध्ये मेरी सोलांटो आणि सहकाऱ्यांनी ८८ प्रौढांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला १२ आठवडे वेळ, कामांची मांडणी आणि नियोजन यांचे प्रशिक्षण दिले गेले, तर दुसऱ्या गटाला केवळ आधार देणारे समुपदेशन. प्रशिक्षण घेतलेल्या गटात लक्षाशी संबंधित तक्रारी अधिक कमी झाल्या. त्याच वर्षी स्टीव्हन सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी आधीच औषधे घेत असलेल्या, तरीही लक्षणे उरलेल्या ८६ प्रौढांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातही अशा कौशल्यांवर भर देणारी वर्तन उपचारपद्धती उपयुक्त ठरली.

मग औषधांची गरज उरते का?

अनेकांना उरते. मिथाइलफेनिडेट, ॲटोमॉक्सेटिन ही औषधे यासाठी वापरली जातात आणि ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच, देखरेखीखाली घ्यायची असतात. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की प्रौढांच्या भोवतालात आवश्यक बदल करून पाहिल्यावरही लक्षणांमुळे आयुष्यात मोठी अडचण होत असेल, तर औषध द्यावे. औषधाने लक्ष टिकायला मदत होते, दिवसाचा आराखडा मात्र आखून मिळत नाही. म्हणून दोन्ही एकमेकांना पूरक ठरतात.

घरच्यांनी आणि कार्यालयांनी काय करावे?

सर्वांत आधी तोंडी निरोप कमी करावेत. 'येताना हे आण, ते भर, त्यांना फोन कर' अशी दारातली तीन कामे एका लेखी संदेशात द्यावीत. कार्यालयात 'महिनाअखेर अहवाल' म्हणण्यापेक्षा दर सोमवारी एक भाग मागितला, तर दूरची मुदत जवळ येते.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. मुलींमध्ये चंचलतेपेक्षा हरवलेपण जास्त दिसते, त्यामुळे निदान अनेकदा राहून जाते. लग्नानंतर मुलांच्या शाळेच्या वह्या, सासऱ्यांच्या गोळ्या, गॅसचा नंबर, सणवार, पाहुणे असे सगळ्या घराचे वेळापत्रक तिच्याच डोक्यात असावे, अशी अपेक्षा असते. ते वेळापत्रक भिंतीवर, सर्वांना दिसेल असे आणले आणि प्रत्येक कामापुढे एक नाव लिहिले, तर भार वाटला जातो.

कायद्याचा आधार मात्र तोकडा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांचा समावेश आहे. त्यात स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे कामाच्या ठिकाणी सवलत मिळणे बव्हंशी वरिष्ठांच्या समजूतदारपणावर अवलंबून राहते.

निदान कोणाकडून करावे? नियोजन मोडले तर?

समाजमाध्यमांवरील चित्रफितींत स्वतःची लक्षणे सापडणे सोपे असते. पण अपुरी झोप, थायरॉइडचा त्रास, चिंता, नैराश्य यांमुळेही लक्ष उडते. म्हणून निदान मनोविकारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडूनच करून घ्यावे. जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तके आणि लहानपण पाहिलेली एखादी व्यक्ती सोबत असली, तर मदत होते. कोणाकडे जावे हे कळत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विचारता येते.

नियोजन मोडणार, हे मात्र आधीच गृहीत धरावे. चिठ्ठी लावायची राहिली, गजर बंद करून पुन्हा झोप लागली, असे दिवस येतात. तेव्हा नवी वही विकत आणून पहिल्यापासून सुरुवात करण्याची गरज नसते. दुपारी दोन वाजता आठवले, तर दोन वाजता चिठ्ठी घ्यावी, उरलेल्या दिवसासाठी एकच काम लिहावे आणि त्याची पहिली हालचाल करावी.