पेचकस : पारख आणि निगा

कापडासाठी कोपरच्या वरच्या फलाटावरून भिवंडी, हत्यारांसाठी खालच्या फलाटावरून मस्जिद बंदर, नागदेवी स्ट्रीट, ही आमची ठरलेली वाट. एकदा ऐन लग्नसराईत शिलाई मशीनचा स्क्रू आम्ही सुरीने सैल करायला गेलो. खाच झिजली, स्क्रू निघेना, मशीन दोन दिवस बंद! तेव्हापासून पेचकस पारखूनच घेतो.

चपट्या पेचकसाचे टोक खाचेत रुंदीभर व घट्ट बसावे. टोक अरुंद किंवा पातळ असेल तर ते खाचेच्या कडा खाते. म्हणून मशीनसाठी दोन-तीन मापे ठेवावीत. फुलीच्या स्क्रूंना बहुधा पीएच १ व पीएच २ पुरतात. दांडी क्रोम व्हॅनेडियम पोलादाची असावी. पण नुसत्या कोरलेल्या अक्षरांवर न जाता माहितीतल्या कंपनीचा माल बिलासह घ्यावा. नाशिकचे तापडिया सर्वांच्या परिचयाचे आहे. पेचकसाची छिन्नी करू नये.

खाडीकाठच्या आपल्या भागात पावसाळ्यात लोखंड लवकर गंजते. काम झाल्यावर पेचकस पुसून मशीनच्या तेलाचा हात द्यावा. जाड कापडाला मापाप्रमाणे कप्पे शिवून त्यात गुंडाळून ठेवावेत. कापड कोरे नको. त्यातली खळ ओल धरते. आधी धुऊन वाळवावे.

ज्याची त्याला जागा असली की ऐन वेळी सुरीकडे हात जात नाही.