पंखांचे पत्ते – भाग ६ : संकष्टीची भरती

हसनाबादच्या घरांत भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली चतुर्थी पाहिली जाते ती राजूरच्या गणपतीसाठी. अंगारकी असली तर आठ दिवस आधीपासूनच. याच चतुर्थीवरून ठाण्याच्या खाडीत पाणी कधी भरेल हेही काढता येते. पण भोकरदन तालुक्यात त्याची गरज कुणाला पडणार? समुद्र इथून रेल्वेच्या एका रात्रीवर आहे.

गरज पडते ती रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायला निघालेल्याला.

हिशोब कोकणातला जुना आहे आणि पाऊणकीचा पाढा येणाऱ्याला अवघड नाही. तिथीला पाऊणने गुणायचे, पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचे. चार पाऊणे तीन, म्हणजे चतुर्थीला पूर्ण भरती दुपारी तीनच्या आसपास, आणि सुमारे बारा तासांनी पुन्हा एकदा. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा उगवतो, पाणीही त्याच्यामागून तेवढेच रेंगाळते. घड्याळाशी ताडून पाहिले तर थोडे मागेपुढे होते, पण अंदाज सहसा फसत नाही.

मागच्या भागातल्या जायकवाडीला हा व्याप नव्हता. तिथल्या नाथसागर जलाशयाचे पाणी सकाळी असते तिथेच संध्याकाळी असते. ठाणे खाडी मात्र दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा उघडी पडते. ६ ऑगस्ट २०१५ रोजी तिचा सुमारे १,६९० हेक्टरांचा पट्टा ‘ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य’ म्हणून जाहीर झाला. त्यातला निम्म्याहून अधिक भाग खारफुटीचा आहे. २०२२ मध्ये तो रामसर यादीत गेला. सकाळी ठाण्याला उतरून वाशीकडची लोकल धरली की ऐरोली येते. तिथल्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून होडी सुटते. ती किती वाजता सुटणार, हे रोज पाणी ठरवते.

पूर्ण भरतीला गेले तर चिखल बुडालेला असतो. रोहितांना उभे राहायला जागा उरत नाही, मग ते नेरूळच्या डीपीएस तलावासारख्या उथळ पाण्यात जाऊन बसतात. ओहोटी तळाला गेली तर चिखलावर पक्षीच पक्षी, पण होडी रुतते. पाहण्याजोगा काळ या दोहोंच्या मधला. होडीचे इंजिन मंद होते, तिवरांची चिखलातून वर आलेली श्वसनमुळे मागे पडतात, आणि समोर कुणी गुलाबी ओढणी वाळत घातली आहे असे वाटते. मग ओढणीला पाय फुटतात.

रोहित दोन जातींचे, मोठा आणि छोटा. ते ओळखायला पाय कामाचे नाहीत, चोच आहे. मोठ्या रोहिताची चोच फिकट गुलाबी, टोकाला काळी. छोट्याची गडद किरमिजी, लांबून काळीच भासणारी. खाडीत गर्दी छोट्यांची. खाताना डोके उलटे करून चोच पाण्यात बुडवायची, जिभेने पंपासारखे पाणी आत-बाहेर करायचे, चोचीच्या कडेच्या बारीक जाळीत शेवाळ अडकवायचे: घरातल्या चहाच्या गाळणीचे तत्त्व यापेक्षा वेगळे नाही. रंगही त्या शेवाळातल्या कॅरोटिनॉइडचा. पिल्ले राखाडी जन्मतात. गुलाबी व्हायला त्यांना काही वर्षे खावे लागते.

आता एक अवघड गोष्ट. इतके शेवाळ इथे का माजते? शहराचे सांडपाणी खाडीत येते, त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर ते पोसते, असे अभ्यासक सांगतात. म्हणजे ज्या घाणीला मुंबईकर नाक मुरडतो, तिच्यावरच त्याच्या लाडक्या पाहुण्यांचे जेवण चालते. खाडी घाण राहिलेलीच बरी, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. त्याच पाण्यातून कोळ्यांची मासळी हटत गेली.

पाहुणे येतात कापूसवेचणीच्या दिवसांत आणि पावसाच्या तोंडावर जातात. त्यांची वीण कच्छच्या रणात होते. सलीम अलींनी १९४५ मध्ये तिथे जाऊन त्यांच्या वसाहतीचा अंदाज घेतला होता. २०२२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने काही रोहितांच्या अंगावर जीपीएस यंत्रे बसवली. त्यांतला हुमायून नावाचा छोटा रोहित पुढे गुजरातेत भावनगरच्या किनाऱ्याकडे सापडला. नाव बादशहाचे नव्हे, पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअलींचे.

ही वाट निर्धोक नाही. २० मे २०२४ च्या रात्री मुंबईत उतरणाऱ्या एका विमानावर थवा आदळला आणि घाटकोपर परिसरात ३९ रोहित मेलेले सापडले.

चतुर्थीला गेलेल्यांची होडी तीननंतर, पाणी उतरू लागले की मधल्या पट्ट्यात पोहोचते. चिखलाची पहिली काळी पाठ वर येते, तशी थव्याची एक ओळ उतरते, मग दुसरी. शेकाटे आणि कुरव आधीच हजर असतात. तासाभरात होडीवाला पाण्यात बांबू घालून खोली पाहतो आणि नाक वळवतो. अंधार पडता पडता माणसे ठाण्याला पोहोचतात. संकष्टीचा उपास असेल तर फलाटावर परतीच्या देवगिरी एक्सप्रेसची वाट पाहताना चंद्र दिसायची तेवढी वाट पाहायची.