सत्तावीस म्हटले की पोर ७२ का लिहिते?

घनसावंगीच्या शिवारात कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या बांधावर पडून असतात. त्यांच्या बोटभर लांबीच्या शंभर काड्या तोडून घरी आणा. तुमच्या दुसरीतल्या पोराची शिकवणी त्यांवरच होईल.

त्याला सत्तावीस लिहायला सांगा. पुष्कळ मुले ७२ लिहितात. रागावू नका, टपली तर मुळीच नको. आपली भाषा आधी सात म्हणते आणि मग वीस. लिहायचे मात्र आधी २. एकोणतीस त्याहून अवघड. कानाला तीस ऐकू येते, म्हणून पोर ३९ लिहून मोकळे होते. याच अडचणीपायी २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ असेही वाचन दिले. केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी त्याची बाजू मांडली. आम्हाला विचाराल तर दोन्ही येऊ द्यावे; बाजारात एकवीसच म्हणावे लागते.

आता दहा-दहा काड्यांच्या जुड्या सुतळीने बांधा. दोन जुड्या, सात सुट्या : वीस सात, म्हणजे सत्तावीस. मग तीन जुड्या ठेवून एकच काडी काढायला सांगा. जुडी सोडावीच लागते. उरतात दोन जुड्या आणि नऊ सुट्या. एकोणतीस म्हणजे तिसात एक उणे, हे पोराच्या हाताला कळते.

शिकवायला थोरली बहीणही चालेल. दिवेलागणीला पाव तास पुरे. आकडा चुकला तर पाटी पुसू नका, त्याच्याकडूनच काड्या मोजून घ्या.