पीडीएफ फुकट, धंदा कुणाचा?

पुण्याच्या सदाशिव पेठ, नारायण पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीची तयारी करणाऱ्या पोरांच्या फोनवर टेलिग्रामची दोन-चार चॅनल्स असतातच. क्लासची अख्खी बॅच ९९ रुपयांत, संदर्भपुस्तकांच्या पीडीएफ फुकट. या व्यवहाराबद्दलचे निम्मे समज चोरांच्या सोयीचे आहेत आणि निम्मे उगाच घाबरवणारे.

सगळ्यात लाडका समज असा: ‘मी कुठे पैसे घेतो, मग गुन्हा कसला?’ कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ६३ नुसार माहीत असून हक्कभंग केला किंवा त्याला मदत केली, एवढं गुन्ह्याला पुरतं. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. पैशाचा प्रश्न येतो तो शिक्षा ठरवताना. धंद्यातल्या फायद्यासाठी केलं नसेल, तर खास कारणं नोंदवून न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. कमाई करणाऱ्याला ही सवलत नाही, आणि दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान एक वर्ष आत. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘निट प्रो’ प्रकरणात हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचंही स्पष्ट केलं.

शिवाय ‘पैसे घेत नाही’ हे तरी खरं असतं का? चॅनलवरच्या पीडीएफच्या लिंकवर बोट ठेवून बघा. पुस्तकाआधी लिंक छोटी करून देणारी एखादी साइट उघडते. काही सेकंद थांबा म्हणते, तोवर सट्ट्याच्या ॲपची जाहिरात नाचते. मोठं हिरवं ‘डाउनलोड’ बटण बहुधा फसवं. खरं बटण पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात. तुम्ही त्या पानावर आलात याचे पैसे लिंक टाकणाऱ्याच्या खात्यात पडतात. सभासद वाढले की ‘प्रीमियम ग्रुप’ निघतो आणि त्याची फी यूपीआयने. म्हणजे हा ‘समाजसेवक’ कमावतोय, कमावत नाहीत ते फक्त लिहिणारा आणि छापणारा.

लिहिणाऱ्याचा हिशेबही बघू. ३०० रुपयांचं पुस्तक, दहा टक्के मानधन, हजार प्रतींची आवृत्ती असं धरलं तर सगळ्या प्रती खपल्यावर लेखकाच्या हातात ३० हजार. त्यासाठी दोन-तीन वर्षं घातलेली असतात. प्रकाशकाचे कागद, छपाई आणि विक्रेत्याचं कमिशन वेगळंच. मराठीत हजार प्रती खपायलाही वर्षं लागतात, तिथे एक पीडीएफ चार ग्रुपांवर फिरली की पुढची आवृत्ती लांबते.

‘साभार’ लिहिलं की चालतं? नाही. नाव मिळणं हा लेखकाचा एक हक्क, परवानगी देणं हा दुसरा. एक पाळून दुसरा फिटत नाही.

‘जुनं पुस्तक आहे, आता सगळ्यांचं’ या समजात मात्र थोडं तथ्य आहे. हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. पुस्तक कधी आलं याच्याशी त्याचा संबंध नाही. ‘मृत्युंजय’ १९६७ चं, पण शिवाजी सावंत गेले २००२ मध्ये. म्हणजे हक्क २०६२ अखेरपर्यंत. यूट्यूबवर ते अख्खं वाचून जाहिरातींचे पैसे घेणारे रसिक नव्हेत, हक्कभंग करणारे आहेत. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. त्यामुळे २०११ पासून ‘श्यामची आई’ कुणीही छापावी, विकावी, वाचून पैसेही कमवावेत. कुणाची परवानगी लागत नाही. फक्त एखाद्या नव्या आवृत्तीची प्रस्तावना किंवा चित्रं उचलायची नाहीत.

आता घाबरवणारे समज. ‘पायरेटेड सिनेमा नुसता पाहिला तरी तुरुंग’ असा इशारा बंद केलेल्या साइटवर झळकायचा. ‘ढिशूम’ सिनेमाच्या वेळी, २०१६ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी तो मजकूर दुरुस्त करायला लावला: गुन्हा पाहण्यात नाही, परवानगीशिवाय वाटण्यात, जाहीर दाखवण्यात, विकण्यात किंवा भाड्याने देण्यात आहे. तेव्हा नुसतं पाहणाऱ्याला कोठडीची भीती घालणं चूक. पण तीच फाइल पुढे ढकललीत की तुम्ही वाटणारे झालात. थिएटरात बसून सिनेमा टिपणाऱ्यासाठी २०२३ पासून सिनेमॅटोग्राफ कायद्यातच वेगळी शिक्षा आहे. दंड ३ लाखांपासून थेट निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत.

‘झेरॉक्स म्हणजे चोरीच’ हेही सरसकट खरं नाही. दिल्ली विद्यापीठाजवळच्या झेरॉक्सवाल्यावर बड्या प्रकाशकांनी दावा लावला होता. अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतली पानं काढून संच करणं कायद्यात बसतं, असं २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

‘पण पोरं गरीब आहेत’ हा युक्तिवाद मला पोकळ वाटत नाही. खोलीभाडं, मेस, अभ्यासिकेची फी देऊन पुस्तकांना काय उरतं? पण चोरलेल्या बॅचचे ९९ रुपये याच गरिबाच्या खिशातून जातात, आणि चॅनल रातोरात गायब झालं तर तो तक्रार तरी कशाची करणार? चोरीखेरीज वाटा आहेत: पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून पुस्तकं वाचायला देतंय. बालभारती आणि एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकं त्यांच्याच संकेतस्थळांवर फुकट आहेत.

राहिला शेवटचा समज: ‘चॅनलवाला सापडतच नाही.’ क्लासच्या शिक्षिका नीतू सिंग यांची पुस्तकं आणि व्हिडिओ टेलिग्रामवर फिरत होते. आमचे सर्व्हर सिंगापूरला आहेत, तिथल्या कायद्यामुळे माहिती देता येत नाही, हा टेलिग्रामचा बचाव दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मानला नाही. नावं, फोन नंबर, आयपी पत्ते द्यायला लावले. आणि चॅनलवाला दुसऱ्या राज्यात बसला असला, तरी लेखकाला त्याच्यामागे तिथवर जावं लागत नाही. कलम ६२ प्रमाणे लेखक राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, म्हणजे पुण्याच्या लेखकाला शिवाजीनगरला.