समुद्रात रेंज नसते, बॉस!

तीन रात्री, दोन माणसं, खिडकी नसलेली एक खोली आणि मोबाइलवर शून्य दांड्या. मोठ्या क्रूझवरच्या सुट्टीची ही आमची खरीखुरी गोष्ट.

शुक्रवारी दुपारी सीएसएमटीला टॅक्सी पकडून 'बॅलार्ड पिअर' म्हटलं, तर टॅक्सीवाल्याने आमच्या चाकवाल्या बॅगांकडे बघून नुसतं विचारलं, "क्रूझ?" आणि मीटर पाडला. आपण म्हणे काहीतरी भन्नाट करायला निघालोय असं आम्हाला वाटत होतं. तिथे जाऊन बघतो तर काय, अर्धं बोरिवली आणि पाऊण अहमदाबाद आमच्या आधी रांगेत उभं!

तर मुद्दा असा. माझा नवरा आयटीत आहे. क्लायंट अमेरिकेत, त्यामुळे याचा दिवस दुपारी सुरू होतो आणि मध्यरात्रीनंतर कधीतरी संपतो. मी फ्रीलान्सर, म्हणजे माझा दिवस कधी संपतच नाही. लग्नाला तीन वर्षं झाली आणि आमचा निम्मा संसार फ्रिजवरच्या पिवळ्या चिठ्ठ्यांवर चालतो. 'दूध तापव', 'गॅसवाला येईल', 'लव्ह यू, बिल भर'. त्यात सप्टेंबरमध्ये त्याला 18 महिन्यांसाठी टोरांटोची ऑफर आली. मी मराठीत लिहून पोट भरते, माझी सगळी कामं इथली, तिकडे जाऊन मी काय करणार? दोन महिने आम्ही या विषयाभोवती नुसते घुटमळत होतो. कंपनीला उत्तर द्यायचं होतं मंगळवारी, आणि आमची क्रूझ परतणार होती सोमवारी सकाळी.

सासूबाई देवगडच्या. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीत बसून गावी गेलेल्या. डेकवर चटई टाकायची, घरून आणलेली भाकरी खायची आणि बंदर आलं की मोठ्या बोटीतून हलत्या पडावात उतरायचं. त्यांना 'क्रूझ' हा प्रकार पटेना. "बोटीतून जायचं, पण कुठे जायचंच नाही?" असं म्हणून त्यांनी हातात आलेपाकाचा डबा ठेवला. "बोट लागली तर चघळा, पोट रिकामं ठेवू नका." नवरा हसला. तो तेव्हा हसला होता, हे लक्षात ठेवा.

जहाजाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ही काही जाहिरात नाही. पण आकाराबद्दल बोललंच पाहिजे. धक्क्यावर उभं राहून मान वर केली तर दहाच्या वर मजले. आणि हे म्हणे जगाच्या हिशेबात चिल्लर! 2024 मध्ये सेवेत आलेलं 'आयकॉन ऑफ द सीज' 20 डेकचं आणि 365 मीटर लांब आहे, म्हणजे आपली लोकलची बारा डब्यांची गाडी त्याच्यापुढे आखूड. त्याचं ग्रॉस टनेज 2,48,663, टायटॅनिकचं होतं 46,328. (हे वजन नव्हे बरं का, जहाजाच्या आतल्या एकूण जागेचं माप असतं. मलाही आधी वजनच वाटायचं.)

चढल्या चढल्या सगळ्यांना वेल्कम ड्रिंकचे वेध, पण आधी ड्रिल. धोक्याचा भोंगा म्हणजे सात छोटे आणि एक लांब, तो ऐकू आला की कुठे जमायचं ते शिकवतात. बायका सेल्फी काढत होत्या, एक काका पॉपकॉर्न खात होते. 2012 साली इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉनकॉर्डिया' खडकावर आदळून 32 माणसं गेली. त्यातल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल तोवर झालेलंच नव्हतं. त्यानंतर नियम बदलला. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ड्रिल झालंच पाहिजे. मी मुकाट्याने सगळं ऐकलं.

मुंबई मागे पडताना मात्र अंगावर काटा येतो. कुलाब्याच्या टोकाचा प्रॉन्ग्जचा दीपस्तंभ, अंधारात कुठेतरी खांदेरी, 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेला शिवरायांचा किल्ला. मग एकेक करून मोबाइलच्या दांड्या गेल्या. नवऱ्याने फोन वर केला, रेलिंगबाहेर धरला, शेवटी फ्लाइट मोडवर टाकला. टिप नंबर एक : तुम्हीही हेच करा. किनारा सुटला की फोन गपचूप जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि बिल बघून तुमची बोट घरी लागते! वायफायचं पॅकेज मिळतं, पण आम्ही घेतलं नाही. घ्यायचं नाही, एवढंच आमचं आधी ठरलं होतं.

पहिली रात्र वाईट गेली. आमची केबिन आतली, सगळ्यात स्वस्त. दिवा मालवला की दिवस का रात्र काही कळत नाही. शिवाय ती होती पार पुढच्या टोकाला, वरच्या मजल्यावर. झोका सगळ्यात जास्त तिथेच लागतो. जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकवर सगळ्यात कमी. बुकिंग करताना आम्ही फक्त रुपये बघितले. रात्री दोन वाजता नवरोबा बाथरूममध्ये, आणि बाहेर मी आलेपाक घेऊन उभी.

शनिवारी मुरगाव बंदर. सगळं पब्लिक बसमध्ये बसून गोवा बघायला गेलं. आम्ही गोवा सतरा वेळा केलाय, म्हणून जहाजावरच थांबलो. हा प्रकार एकदम सही! पूल रिकामा, बुफेला रांग नाही, खुर्च्या टॉवेल टाकून अडवलेल्या नाहीत. डोशाच्या काउंटरवरचा कुक आम्हाला नावाने ओळखायला लागला. दुपारी डेकवर पत्ते काढले. बदाम सात, मग झब्बू. टोरांटोचा 'ट' कोणी काढला नाही.

तो काढला तिसऱ्याच माणसाने. आमची खोली आवरणारा मुलगा रत्नागिरीकडचा. मराठी ऐकून खुलला, मला ताई आणि नवऱ्याला दादा म्हणायला लागला. नवऱ्याने सहज विचारलं, "घरी कधी जातोस?" म्हणाला, "आठ महिन्यांचं काँट्रॅक्ट, दादा. मुलगी झाली तेव्हा मी बोटीवर होतो. आपली बोट रात्री रत्नागिरीसमोरून जाते ना, तेव्हा मी इस्त्री करत असतो." एवढं हसत सांगून त्याने टॉवेलचा हत्ती करून बेडवर ठेवला आणि गेला. आम्ही दोघं त्या हत्तीकडे बघत बसलो.

रविवारी दिवसभर नुसता समुद्र. करण्यासारखं खूप होतं, शो, डीजे, पूलसाइड बिंगो. आम्ही भांडलो. खिडकी नसलेल्या खोलीत भांडण झालं की दार आपटून जाणार कुठे? गेलात तरी परत त्याच जहाजावर! घरी आमचं भांडण अर्ध्यावर तुटतं, कारण त्याचा कॉल सुरू होतो. इथे ते शेवटपर्यंत झालं. तो म्हणाला, "तू 'जा' म्हणतेस, पण चेहरा 'जाऊ नको' म्हणतो." मी म्हटलं, "आणि तू मला विचारतोस, पण ईमेल ड्राफ्टमध्ये तयार ठेवलायस." ड्राफ्ट खरोखरच होता. पहाटे तीन वाजता डेकवर कटिंगएवढ्या कपातला चहा घेत आम्ही तो तोंडी बदलला. 18 नाही, 9 महिने. आणि मधे दीड महिना मी तिकडे.

सोमवारी पहाटे पुन्हा दांड्या आल्या आणि पूर्ण डेक टिंग टिंग करायला लागला. त्याला 143 मेसेज. त्याने फोन खिशात टाकला आणि आधी नाश्ता केला. हा माणूस!

हिशेब सांगते. तिकिटात जेवणखाण, शो, पूल सगळं आलं. दारू, स्पा, गोव्यातली सहल आणि फोटो वेगळे. खिशात पाकीट लागत नाही, सगळं खोलीच्या कार्डावर चढतं, आणि तीच गंमत आहे. शेवटच्या सकाळी आमच्या कार्डावर 9,700 रुपये निघाले. त्यातले चार हजार फोटोंचे. एका फोटोत नवऱ्याचा चेहरा हिरवा आहे, तोही आम्ही विकत घेतला. रोज रात्री रिसेप्शनवर जाऊन आकडा बघत जा.

मंगळवारी त्याने ईमेल पाठवला. कंपनी 12 महिने म्हणाली, हा 9 वर अडून बसला, शेवटी 10 वर तुटलं. फेब्रुवारीत निघतोय.

घरी आल्यावर सासूबाईंचा पहिला प्रश्न, "बोट लागली का रे?"

"छे!" नवरा म्हणाला. तेवढ्यात त्यांनी डबा उघडला. आत आलेपाकाचा चुराही नव्हता.